गार खोलीचा खर्च

बाबा,

आपल्या घरात आता एसी आहे. तुमच्याच खोलीत, पूर्वेच्या भिंतीवर, जिथे तुमचं कॅलेंडर असायचं त्याच्या जरा वर. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत कोणाकडेच एसी नव्हता, आणि कोणी लावला असता तर तुम्ही भुवया वर करून विचारलं असतं की याचा पगार एवढा कधी वाढला. आता जवळजवळ प्रत्येक घराच्या भिंतीला बाहेरून तो पांढरा डबा लटकलेला असतो आणि दुपारी गल्लीतून चाललं की दोन्ही बाजूंनी गरम वाफ अंगावर येते. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ते काही कमी झालं नाही, उलट माणसं म्हणतात वाढलं. खरं तर यातलं बरंचसं आईला सांगायचं होतं, पण एक गोष्ट आईच्याच बाबतीतली आहे आणि ती तिला आवडणार नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

तुमचा कूलर आठवतो. होळी झाली की तुम्ही तो माळ्यावरून उतरवायचात, अंगणात उभा करून गंजलेल्या कडा खरवडायचात, निळा रंग द्यायचात, आणि बाजारातून वाळा आणून ताट्या स्वतः भरायचात. पहिल्या दिवशी पाणी सोडलं की क्वार्टरभर वाळ्याचा वास पसरायचा. मी सातवीत असेन, ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये तुमचे साहेब जेवायला आले होते. मे महिना. आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळते आहे, तिचं तोंड लालबुंद झालं आहे. तुम्ही काय करता, तर कूलर ओढत नेऊन स्वयंपाकघराच्या दारात लावता. साहेब बैठकीत रुमालाने मान पुसत बसलेले. आई हळूच म्हणते, "अवो, पाहुण्याईकडं करा ना ते. काय म्हणतीन?" तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "ते बसून हायेत. ज्याच्यापुढं आग हाये, त्याले पहिले हवा." साहेब हसले आणि आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले. त्या दिवशी आईने त्यांना दोन पुऱ्या जास्तीच्या वाढल्या. आईला तुम्ही साडी किंवा दागिना दिल्याचं मला आठवत नाही, पण हे आठवतं. ती शेवटपर्यंत हे सांगायची आणि सांगताना पदर सारखा करायची.

एकदा तुम्ही मला त्या कूलरवरूनच रागावलात. मी समोरची खिडकी लावून घेतली होती, गारवा आतच राहावा म्हणून. तुम्ही ड्यूटीवरून आलात, खोलीतला दमटपणा जाणवला आणि खिडकी उघडत म्हणालात, "आलेल्या हवेले जायले वाट नोको? बंद खोलीत कूलर लावला तं माणूस शिजते." तेव्हापासून उन्हाळ्यात आपल्या घराच्या खिडक्या कायम उघड्या. सगळी गल्ली आत यायची, भाजीवाल्याची हाक, कोणाच्या सासूचं भांडण, शाळेतून येणारी पोरं.

आणि वीज केंद्रातली ती थंड खोली. तुम्ही मला एकदा दाखवायला नेलं होतं. बाहेर बॉयलरची धग, आणि तुमच्या कंट्रोल रूममध्ये अंगावर शहारा आणणारा गारवा. मी विचारलं, तुम्हाला रोज असं थंड बसायला मिळतं? तुम्ही म्हणालात, "हे आपल्यासाठी नाई. मशीन तापली तं बिघडते, म्हणून हाये. आमी मशीनचा उष्टा गारवा खाऊन राह्यलो." मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात, या नव्या घराच्या तापलेल्या स्लॅबखाली तुम्ही बनियनवर बसून हवा घेत होतात, तेव्हा मला ते वाक्य आठवलं होतं. घरी एसी घेऊ या, असं मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं का, ते माहीत नाही. तुम्ही घेतला नसताच.

तुम्ही गेल्यावरही मी बरीच वर्षं गडचिरोलीकडच्या शाळांमध्येच काढली. तो भाग तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्यातल्या एका गावी तुम्ही माझ्याकडे येऊन राहिला होतात. मोहाच्या झाडाखाली खाट टाकून झोपला होतात आणि पहाटे गोधडी मागितली होतीत, भर एप्रिलमध्ये. निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा मी बदली मागून चंद्रपूरला आले, आईजवळ. आम्ही दोघी बायका, एक कूलर आणि उघड्या खिडक्या, असं बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात आईला ऊन बाधलं. ती बाहेर गेलीही नव्हती. घरातच, दुपारी, ती मला ओळखेना. दवाखान्यात सलाइन लावलं, ती सावरली, पण घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, यांना थंड खोलीतच ठेवा, कूलरने आता भागणार नाही.

पुण्याहून दादाचा फोन आला. "एसी लावून टाक, पैसे मी पाठवतो." त्याने खरंच पाठवले, मशीनचे. मशीन आलं तेव्हा कळलं की मशीन हा त्यातला सोपा भाग असतो. तुम्ही घरात टाकलेली वायर दिव्या-पंख्यापुरती होती. मीटरपासून खोलीपर्यंत नवी जाड लाइन ओढावी लागली. मीटरचा लोड वाढवायला वीज कंपनीत चकरा झाल्या. तांब्याचा पाइप सोबत आला होता तो पुरेना, वरचा वेगळा घ्यावा लागला, आणि तांब्याचा भाव ऐकून मी दोनदा विचारलं. स्टॅबिलायझर, बाहेरच्या डब्यासाठी लोखंडी स्टँड, अर्थिंग. शेवटी भिंतीला भोक. तुम्ही उभं राहून बांधून घेतलेली ती भिंत, वीट भाजलेली आहे की नाही ते वाजवून पाहिलेलं. ड्रिल आत शिरेना तेव्हा लावणारा माणूस म्हणाला, "कोणं बांधली जी ही भिंत? किल्ला हाये काय?" मला बरं वाटलं. त्याने भोक पाडायचे पैसे थोडे जास्त घेतले, ते मी काही न बोलता दिले.

आई पलंगावरून सगळं पाहत होती. ती एसीच्या विरोधातच होती. "तुह्या बापानं जिंदगीभर वीज बनवली," ती म्हणाली, "पण बिल आलं का पहिले दिवे मोजत होता. आन् तू एका म्हातारीसाठी एवढी मशीन लावून राह्यली." मी म्हटलं, दादाने पैसे दिलेत. "पैसे त्यानं देल्ले, बिल कोण भरन?" बिल मीच भरणार होते. पण पहिल्या दुपारी खोली गार झाली, तिने डोळे मिटले आणि संध्याकाळपर्यंत शांत झोपली. इतक्या उन्हाळ्यांनंतर तिला दुपारची अशी झोप लागलेली मी पाहत होते. कूलर मी शेजारच्या वहिनींना दिला. त्या घरीच शिवणकाम करतात, त्यांचे मिस्टर कंपनीची बस चालवतात. त्यांना कूलरची गरज होती आणि आमच्याकडे तो ठेवायला जागा नव्हती.

मग चार दिवसांनी आई म्हणाली, "खिडकी उघड." मी म्हटलं, गार हवा बाहेर जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे. त्या वहिनीची मशीन ऐकू येत नाई मले." दुपारी ती पलंगावरून खिडकीतून वहिनींशी बोलायची, हे मला माहीत होतं, पण ते तिला लागतं हे माहीत नव्हतं. वहिनी तिकडून मशीन चालवता चालवता विचारायच्या, "काय केलं जी आज, काकू?" आणि ही इकडून भाजी सांगायची. एवढंच बोलणं. आता काचा लावलेल्या, पडदा ओढलेला, दाराखाली चादरीची घडी. वहिनींना वाटायचं, काकू झोपल्या असतील, उगाच कशाला हाक मारा. मी रोज थोडा वेळ खिडकी उघडायचे, मग एसी सारखा चालू राहतो आहे हे ऐकून पुन्हा लावायचे. आमचं त्यावरून भांडण व्हायचं. "घराचे कान बंद केले तू," ती एकदा म्हणाली. रागाने नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मी तिला जिवंत ठेवत होते, बाबा. आणि ती बरोबर बोलत होती. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला कळलं नाही, अजूनही कळत नाही.

ती उन्हाने गेली नाही. उन्हाळा तिने नीट काढला, पावसाळाही काढला, आणि थंडीत, निमोनियाने, थोड्या दिवसांत गेली. दादा आला, तेरावं करून परत गेला. तो सारखा म्हणत होता, पुण्याला चल. मी म्हटलं, बघू. त्याच सुमारास मी निवृत्त झाले. घर मोठं झालं. आवाज नसले की खोल्या वाढतात, हे तुम्ही गेल्यावर आई म्हणायची आणि मला तेव्हा ते पटायचं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तुमच्या खोलीत झोपायला लागले, कारण गार खोली तीच. मेच्या ऐन मध्यावर एसी गरम हवा फेकू लागला. पहिला दिवस मी पंख्यावर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात एकटीपुरता भात लावत होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, ओट्याला धरून खाली बसले, मग फरशीवरच आडवी झाले. फरशीही गरम होती. गॅस चालू होता, कुकरची शिट्टी झाली, आणि मी हात वर करून बटण बंद करू शकत नव्हते. मनात आलं, एसी बंद पडला तरी सवयीने खिडक्या लावलेल्याच आहेत. कोणाला कधी कळेल? दादाचा फोन रविवारी येतो. पेपरवाला पेपर टाकून जातो. कुकरचं पाणी आटलं असेल, करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा कशीतरी उठले. माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि बसल्या जागेवरून दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, चार-पाच दिवस लागतीन. सीझन हाये, सगळ्याईचेच बंद पडून राह्यले." मी म्हटलं, जरा लवकर जमेल का. तो म्हणाला, "घरात कोणी म्हातारं, लहान, बिमार हाये का? त्याईले पहिले घेतो. किती लोकं हाये घरी?" त्याने साधा प्रश्न विचारला होता. उत्तरही साधं होतं. पण 'मी एकटीच आहे' हे वाक्य तोंडातून निघेना. चक्कर आली होती हे सांगता आलं असतं, साठी आली हेही सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, "आई आहे. ऐंशीच्या वर आहे. डॉक्टरांनी थंड खोलीत ठेवायला सांगितलंय." तो लगेच म्हणाला, "मंग आजच येतो."

तो आला तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. पन्नाशीचा, दाढी पांढरी, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. चपला काढता काढता त्याने पहिलं विचारलं, "आजी कुठी हायेत?" मी म्हटलं, शेजारी नेऊन ठेवलंय, त्यांच्याकडे कूलर आहे. "बरं केलं," तो म्हणाला आणि शिडी मागितली. काम करता करता सांगू लागला की रेल्वे लाइनीच्या पलीकडे एका घरी जायचं होतं, त्यांना उद्याचं सांगितलं. मी विचारलं, तिथे कोण आहे? "नवरा-बायको हायेत, जवान. एक दिवस काढतीन." मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिथे कोणाची खरी आई असती, तर मी काय केलं असतं, बाबा? त्याला थांबवून खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

त्याने झाकण उघडलं, साबणाचं पाणी लावून पाहिलं आणि खाली उतरला. "गॅस उडाला. कॉइल सडली, मॅडम. इकडच्या हवेत सडतेच. आता दोन रस्ते हाये. टाका मारून गॅस भरून देतो, ते सस्त्यात होते, पण किती दिवस चालन सांगता येत नाई. नाई तं नवी कॉइल." नव्या कॉइलचे त्याने जेवढे सांगितले, त्यात थोडे आणखी टाकले असते तर अर्धा नवा एसी आला असता. मला टाकाच हवा होता. एका माणसाचा एक उन्हाळा, त्याला टाका पुरतो. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तुमी एकट्या असत्या तं मी टाकाच मारला असता. पण आजीचं काम हाये. रातच्याले बंद पडला तं कोणाले बोलावान? नोका करू तसं." मग जरा थांबून, पान्हा पुसत, "माही अम्मी अशीच मे महिन्यात गेली. मी तवा दुसऱ्याच्या घरी एसी लावून राह्यलो होतो. आमच्या घरी टिनाचं छप्पर. फोन आला तं मी शिडीवर होतो."

मी म्हटलं, नवी टाका.

तो गाडीवर जाऊन कॉइल घेऊन आला. काम चालू होतं म्हणून दार सताड उघडं होतं आणि खिडक्याही मी उघडल्या होत्या. कित्येक महिन्यांनी वहिनींच्या मशीनचा आवाज आत आला. मग तो थांबला आणि थोड्या वेळाने त्या स्वतःच कैरीचं पन्हं घेऊन दारात उभ्या राहिल्या, दोन पेले, एक माझा, एक त्याचा. त्याच वेळी एसीतून थंड हवा यायला लागली. त्याने हात वर धरून पाहिलं, समाधानाने मान हलवली, आणि वहिनींकडे वळून म्हणाला, "तुमच्याकडंच हायेत ना आजी? घेऊन या आता त्याईले. खोली गार झाली."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. आईला शेवटची आंघोळ घालताना पाणी ओतणाऱ्या त्याच होत्या. मी खाली पाहिलं. त्यांनी पेला त्याच्या हातात दिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "झोपल्या हायेत त्या. आत्ताच डोया लागला. झोपू द्या."

"हो, हो, झोपू द्या," तो म्हणाला, आणि आवाज खाली आणून पन्हं प्यायला. कॉइलचे आणि गॅसचे पैसे घेतले, मजुरीचे घेतले नाहीत. मी दिले तर हात मागे घेतला. "आजीचे नाई घेत मी. दुआ द्या म्हणा." मी पुन्हा पुन्हा आग्रह केला. तो नाहीच म्हणाला. शिडीचे पाय पुसून ती जागेवर ठेवून गेला.

वहिनी बसल्या. आम्ही दोघी आईच्या पलंगावर, त्या गार हवेत, पन्ह्याचा रिकामा पेला मध्ये ठेवून बसलो. मग मीच सांगितलं, स्वयंपाकघरातलं, चक्कर आलेलं. त्या म्हणाल्या, "ताई, मले हाक नाई मारली तुमी." मी म्हटलं, खिडक्या लावलेल्या होत्या. "भिंत तं हाये," त्या म्हणाल्या. "ठोकायचं. मी पायाने मशीन चालवतो, कान रिकामेच असते माहे." आणि उठून, शिवायचे कपडे पडले आहेत म्हणत गेल्या. मजुरीचे ते पैसे मी दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात नेऊन दिले. तो नव्हता, काउंटरवरच्या माणसाजवळ ठेवले आणि सांगितलं की राहून गेले होते. खरं सांगायचं म्हणूनच मी गेले होते. तो नव्हता हे पाहून मला हायसं वाटलं.

आता पावसाळा तोंडावर आहे आणि एसी क्वचितच लागतो. दुपारी मी खिडकी उघडी ठेवते, बिल येईल ते येईल. हे पत्र पूर्ण झालं की आतल्या कपाटात जाईल. पोस्टात टाकण्यासारखा तुमचा पत्ता नाही आणि दादाला वाचायला द्यावं असंही यात काही नाही. पण एक गोष्ट राहिली. गेल्या आठवड्यात त्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला होता. मशीन नीट चाललं आहे ना, पाणी गळत नाही ना, हे त्याने विचारलं. मग म्हणाला, "आजी कशा हायेत?"

सांगायची ती वेळ होती. पैसे पोचले होते, काम झालं होतं, कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी म्हटलं, "बऱ्या आहेत. झोप लागते त्यांना आता." तो म्हणाला, "बस, मंग झालं," आणि फोन ठेवला. बाबा, मी त्याला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही बहुतेक. दिवाळीनंतर तो सर्व्हिसिंगला येईल तेव्हा काय करायचं ते माहीत नाही. पण या गावात एक माणूस आहे जो अधूनमधून, शिडीवर चढलेला असताना किंवा गाडीवरून जाताना, आई जिवंत आहे असं समजतो. मला त्याच्याकडून ते काढून घ्यावंसं वाटत नाही.